अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध चहामुळे पेटले नाही

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा विषय निघाला की एकच सूत्र ऐकू येते: इंग्रजांनी चहावर जबर कर बसवला, बोस्टनच्या लोकांनी तो चहा समुद्रात फेकला आणि युद्ध पेटले. यातल्या घटना खऱ्या आहेत, पण कारण भलत्याच जागी ठेवले गेले आहे, असे माझे मत आहे. ठिणगी पडली ती १७७४ साली, बोस्टन ज्या वसाहतीत होते त्या मॅसॅच्युसेट्समधल्या गावसभांवर, म्हणजे गावाचा कारभार ठरवणाऱ्या गावकऱ्यांच्या बैठकांवर, गदा आली म्हणून, आणि सुरुवातीच्या लढायाही याच गावसभांच्या बळावर लढल्या गेल्या.

करांची पार्श्वभूमी अर्थातच नाकारता येत नाही. फ्रान्सशी चाललेले सप्तवार्षिक युद्ध १७६३ मध्ये संपले तेव्हा ब्रिटनच्या डोक्यावर १२ कोटी पौंडांहून अधिक कर्ज होते आणि अमेरिकेत ठेवलेल्या फौजेचा काही खर्च तिथल्या वसाहतींनी उचलावा, ही लंडनची अपेक्षा वरकरणी वाजवी होती. कागदपत्रांवर कर लावणारा १७६५ चा मुद्रांक कायदा वर्षभरातच मागे घ्यावा लागला. ब्रिटनचे अर्थमंत्री टाउनशेंड यांनी १७६७ मध्ये बसवलेले करही १७७० मध्ये रद्द झाले. फक्त चहावरचा, एका रत्तलामागे ३ पेन्सचा कर हट्टाने कायम राहिला. १७७३ च्या चहा कायद्याने नवा कर बसवलाच नाही. उलट, ईस्ट इंडिया कंपनीला थेट अमेरिकेत माल विकण्याची मुभा आणि इंग्लंडमधल्या जकातीची परतफेड मिळाल्यामुळे तिचा चहा पूर्वीपेक्षा स्वस्त पडणार होता. लोकांचा विरोध होता तो ज्या संसदेत आपला एकही प्रतिनिधी नाही तिने कर लावण्याला आणि कंपनीच्या मक्तेदारीला. या स्वस्त चहाने ज्यांचा धंदा बुडणार होता, ते चोरट्या आयातीवर गबर झालेले व्यापारीही विरोधकांत होते, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते.

या चहा कायद्याचा एक धागा थेट पुण्यापर्यंत येतो. १७७० च्या बंगालच्या दुष्काळानंतर कंपनीचे दिवाळे निघायची वेळ आली, तेव्हा संसदेने १७७३ मध्ये तिला १४ लाख पौंडांचे कर्ज दिले, चहा कायदा केला आणि कंपनीच्या कारभारावर नियंत्रण आणणारा रेग्युलेटिंग ॲक्टही केला. या ॲक्टने कलकत्त्याच्या कौन्सिलला मुंबईवर जो अधिकार दिला, त्याच अधिकारात कलकत्त्याने मुंबईकर इंग्रजांचा राघोबादादांशी झालेला सुरतेचा तह अमान्य केला आणि मार्च १७७६ मध्ये पुण्याच्या कारभाऱ्यांशी पुरंदरचा तह केला. नेमक्या त्याच महिन्यात इंग्रज फौज बोस्टन सोडून जात होती.

डिसेंबर १७७३ मध्ये बोस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या बुडाल्या आणि त्याची शिक्षा म्हणून पुढच्या वर्षी चार कायदे आले. बंदर बंद करणाऱ्या कायद्याची झळ मुख्यतः एका शहराला बसली. मॅसॅच्युसेट्सचा कारभार बदलणारा कायदा मात्र खेडोपाडी पोहोचला. गव्हर्नरच्या परवानगीशिवाय गावसभा वर्षातून एकदाच घ्यायची, कौन्सिलचे सभासद राजाने नेमायचे आणि ज्यूरी शेरीफने निवडायची, असे त्यात ठरले. रस्ता, शाळा, पाद्री आणि कर असे सगळे शंभरावर वर्षे स्वतःच ठरवत आलेल्या शेतकऱ्यांच्या हातून एका फटक्यात सारे काढून घेण्याचा हा प्रयत्न होता.

त्याचे उत्तर ६ सप्टेंबर १७७४ रोजी वुस्टर या गावात मिळाले. नव्या कायद्याखाली तिथे न्यायालय भरायचे होते, पण आसपासच्या ३७ गावांमधून ४,६२२ माणसे आपापल्या तुकड्या करून आली आणि मुख्य रस्त्यावर दुतर्फा उभी राहिली. न्यायाधीश आणि इतर अधिकाऱ्यांना हॅट हातात घेऊन त्या रांगांमधून चालावे लागले, आणि मागच्यांनाही ऐकू जावे म्हणून प्रत्येकाला आपली माघार तीसहून अधिक वेळा मोठ्याने म्हणून दाखवावी लागली. गोळी एकही सुटली नाही. त्यानंतर मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर असलेले जनरल टॉमस गेज यांची सत्ता व्यवहारात बोस्टनपुरतीच उरली, म्हणूनच मी या दिवसाला, युद्धाची पहिली चकमक जिथे झाली त्या लेक्सिंग्टनच्याही आधीचा मान देतो.

१९ एप्रिल १७७५ रोजी बोस्टनजवळच्या काँकर्ड गावातला वसाहतकऱ्यांचा दारूगोळा जप्त करायला सुमारे ७०० इंग्रज सैनिक निघाले. वाटेतल्या लेक्सिंग्टन गावाच्या हिरवळीवर कॅप्टन जॉन पार्कर यांची जेमतेम ७७ माणसे उभी होती. त्या चकमकीत वसाहतीचे ८ जण पडले. फौज येत असल्याची बातमी घेऊन आदल्या रात्री निघालेले पॉल रिव्हिअर काँकर्डला पोहोचलेच नाहीत, वाटेतच पकडले गेले. पुढे गेले ते डॉ. सॅम्युएल प्रेस्कॉट. तरीही परतीच्या वाटेवर इंग्रजांना प्रत्येक कुंपणामागून गोळ्या खाव्या लागल्या आणि त्यांचे ७३ सैनिक ठार झाले, कारण गावोगावच्या समित्यांनी ही सज्जता महिनोन्‌महिने आधी करून ठेवली होती.

दोन महिन्यांनी, १७ जूनला, बंकर हिलची लढाई झाली. नाव बंकर हिलचे असले तरी मुख्य झुंज शेजारच्या ब्रीड्स हिलवर झाली. टेकडी इंग्रजांनी घेतली, पण हजाराहून अधिक माणसे मृत वा जखमी होऊन. त्याच दिवशी बोस्टनमधले बंडखोरांचे एक पुढारी डॉ. जोसेफ वॉरन पडले. वय अवघे ३४, तीन दिवसांपूर्वीच मेजर जनरल म्हणून निवड झालेली, तरी हाताखाली फौज न घेता ते साध्या स्वयंसेवकासारखे खंदकात उतरले. या युद्धातली माझी सर्वांत आवडती व्यक्ती हीच.

जॉर्ज वॉशिंग्टन यांनी वसाहतींच्या फौजेची सूत्रे हाती घेतली ती ३ जुलैला, म्हणजे हे सगळे होऊन गेल्यावर. आपले अधिकारी स्वतः निवडणारे हे गावकरी त्यांना बेशिस्त वाटले, आणि त्यांचे अगदीच चुकले असे नाही: घराजवळ चिवटपणे लढणारी ही माणसे दूरच्या, लांबणाऱ्या मोहिमेला पुरी पडणारी नव्हती. बोस्टनमधल्या इंग्रज फौजेला वसाहतकऱ्यांनी घातलेला वेढा संपवला तो मात्र हेन्री नॉक्स या पंचविशीतल्या पुस्तकविक्रेत्याने, टिकोंडेरोगाच्या किल्ल्यातल्या तोफा भर हिवाळ्यात, बर्फावरून घसरगाड्यांवर सुमारे ३०० मैल ओढून आणून.

या गावसभांचे कौतुक करताना त्यांत जागा कोणाला होती, हेही विचारायला हवे. बंकर हिलवर सेलम पूअर यांच्यासारखे कृष्णवर्णीय लढले होते. व्हर्जिनियाचे गव्हर्नर लॉर्ड डनमोर यांनी मात्र नोव्हेंबर १७७५ मध्ये, बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या बाजूने शस्त्र धरतील ते मुक्त, असे जाहीर केले आणि अनेकांना स्वातंत्र्याची वाट इंग्रजांच्या छावणीत दिसली. त्यांत खुद्द वॉशिंग्टन यांच्या मळ्यावरून पळालेले हॅरी वॉशिंग्टन होते. युद्धानंतर ते नोव्हा स्कोशियाला आणि १७९२ मध्ये तिथून सिएरा लिओनला गेले. ती वसाहत चालवणाऱ्या कंपनीने जमिनीवर सारा लावला, तेव्हा १८०० मध्ये वसाहतकऱ्यांनी स्वतःचे कायदे करण्याचा हक्क मागत बंड केले. त्यात सामील झाल्याबद्दल हॅरी यांना हद्दपार करण्यात आले.