मीठ घातलेली पुरणपोळी

सासुरवाडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कोल्हापूर, सांगली, फार तर बेळगाव येतं. माझी सासुरवाडी त्रिनिदादला आहे. वेस्ट इंडीजच्या माळेतलं सगळ्यात खालचं बेट, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून जेमतेम ११ किलोमीटर. बायकोचे आईवडील तरुणपणीच तिथून टोरांटोला आले. आता त्यांची नातवंडं शाळेतून येऊन "आपण नक्की कुठले?" असं विचारतात, आणि मग दर चार-पाच वर्षांनी घरात 'मुळं शोधायची' लाट येते. ही लाट आजवर सतरा माणसांच्या खाली कधी आलेली नाही.

मुळं शोधायला जाणाऱ्यांनी आधी महिना शोधावा. जानेवारी ते मे कोरडे दिवस, पण त्यातच कार्निव्हल येतो आणि विमानाचं तिकीट नातेवाइकांच्या प्रेमाइतकं वर जातं. जून ते डिसेंबर पाऊस. दिवाळी नेमकी पावसात पडते, पण नातवंडांना 'परंपरा' दाखवायची असते, त्यामुळे आम्ही पावसातच जातो. दिवाळीला तिथे १९६६ पासून सार्वजनिक सुट्टी आहे, म्हणजे सगळे नातेवाईक घरी सापडतात. हा फायदा की तोटा, ते मी सासूबाईंच्या देखत सांगत नाही.

दुसरा प्रश्न वाहनाचा. तिथे मॅक्सी टॅक्सी असते, आपल्या टेम्पो ट्रॅव्हलरची सावत्र बहीण. अंगावरच्या पट्ट्याचा रंग बघून चढायचं: पिवळा पट्टा राजधानी पोर्ट ऑफ स्पेन आणि पश्चिमेकडे, लाल पूर्वेकडे, हिरवा चगुआनास आणि दक्षिणेकडे. सतरा जणांना बारा आसनी मॅक्सी पुरत नाही आणि पंचवीस आसनी ठरवली तर उरलेल्या आठ जागा रिकाम्या राहत नाहीत. पहिल्याच थांब्यावर दोन मावश्या आणि एक मामू "तिकडेच चाललोय" म्हणून चढतात. चालक "जस्ट नाउ" म्हणाला तर घड्याळाकडे बघू नये. ते आपल्या "निघालोच, पाच मिनिटांत पोचतो" याचं तंतोतंत भाषांतर आहे, आणि बोलणारा तेव्हा आंघोळीला चाललेला असतो.

आता नात्यांचा घोळ. तिथे वडिलांच्या वडिलांना 'आजा' आणि वडिलांच्या आईला 'आजी' म्हणतात. भोजपुरीतून आलेले शब्द, पण मराठी माणसाचा ऊर भरून येतो. तिथेच फसगत होते. आपली आजी दोन्हीकडची, त्यांची फक्त बापाकडची. मी मुलांना माझ्या सासूबाईंना आजी म्हणायला शिकवलं होतं. चगुआनासच्या अंगणात मुलांनी "आजी!" अशी हाक मारली तेव्हा चार म्हाताऱ्या वळल्या आणि सासूबाई सोडून. त्या नानी. आजी पुण्यात. मग पुण्याच्या आजीशी व्हिडिओवर गाठ घालून दिली, आणि दोघी मुलं सोडून हरभऱ्याच्या भाजीबद्दल बोलत बसल्या.

खरी अडचण अशी की मी 'इंडियावाला' जावई. बेटावरच्या मंडळींची ठाम समजूत आहे की इंडियातून आलेल्या माणसाला इंडियातलं सगळं ठाऊक असतं. यांचा इंडिया जहाजातून उतरलेला. पहिलं जहाज, 'फतेल रझाक', कलकत्त्याहून निघून ३० मे १८४५ ला लागलं. १९१७ पर्यंत असे सुमारे १ लाख ४४ हजार लोक उसाच्या मळ्यांवर करारावर आणले गेले. बहुतेक आजच्या पूर्व उत्तर प्रदेश-बिहारकडचे, काही मद्रासकडून. त्या भागाबद्दल माझं ज्ञान कुर्ल्याहून सुटणाऱ्या गाड्यांच्या पाट्यांइतकं. पण जावयाला "माहीत नाही" म्हणायची सोय कुठल्याच बेटावर नसते.

म्हणून पोर्ट ऑफ स्पेनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मलाच पुढे करतात. तिथे जहाजांच्या नोंदवह्या आहेत. फिजी, गयाना, सुरिनामच्या अशाच नोंदींबरोबर २०११ साली त्या युनेस्कोच्या 'जगाची स्मृती' यादीत गेल्या. जायच्या आधी घरून तीन गोष्टी काढून न्याव्यात: पूर्वजाचं नाव, जहाजाचं नाव किंवा निदान साल, आणि नोंदणी क्रमांक. क्रमांक नसेल तर बेटावर जन्मलेल्या पहिल्या पिढीचे जन्मदाखले उकरावेत, त्यांत कधी कधी आईबापाचा क्रमांक किंवा जहाज लिहिलेलं असतं. आडनावावरून शोधू नये. आजचं आडनाव म्हणजे बहुधा पणज्याचं पाळण्यातलं नाव. रामकिसून म्हणजे रामकिशन, सीपर्साद म्हणजे शिवप्रसाद. कारकुनाने कानाला लागलं तसं इंग्रजीत उतरवलं, म्हणून एकाच नावाची पाच-सहा स्पेलिंगं कागदावर लिहून मगच खुर्चीत बसावं.

जहाजावर चढताना मिळालेल्या परवान्यावर जिल्हा, ठाणं, गाव, जात, वय, बापाचं नाव, उंची आणि अंगावरची खूण एवढं सापडतं. मुलांना राजवाडा हवा असतो. त्यांच्या हातात येतो तो 'डाव्या पायावर व्रण'. जिल्ह्याच्या जागी 'बस्टी' वाचून धाकटीने विचारलं, "म्हणजे आपण झोपडपट्टीतले?" बस्ती नावाचा जिल्हा आहे हे मी सांगितलं, आणि त्या दिवशी प्रथमच माझ्या इंडियावालेपणाचा कुणाला तरी उपयोग झाला. व्रणाचं मात्र सगळ्यांनी मनावर घेतलं. थोरल्या मामूच्या डाव्या नडगीवर तसाच व्रण निघाला. तो सायकलवरून पडून झालाय, हे मामू सांगत होते, पण रक्ताची ओढ म्हटल्यावर त्यांचं कोण ऐकतो!

खाण्याकडे वळायला हवं, कारण बेटावर सगळे रस्ते तिकडेच वळतात. सकाळी डबल्स. हळद घातलेल्या मैद्याचे, तळहाताएवढे दोन मऊ तळलेले 'बारा', मध्ये हरभऱ्याचा रस्सा, वर काकडी, चिंचेची चटणी आणि मिरचीचा सॉस. सगळं कागदात गुंडाळून, कागदाचे दोन कान पिळून हातात देतात. उभ्यानेच खायचं. एक बारा फाडून त्याने हरभरे उचलायचे, म्हणजे दुसरा तळाशी गळती थांबवायला उरतो. दोन्ही एकदम उचललेत की रस्सा कोपरापर्यंत जातो, आणि कोपर चाटता येत नाही हे मराठी शाळेत शिकवलेलंच असतं.

मागणी करताना मोजकंच बोलावं: "टू, स्लाइट." म्हणजे दोन, मिरची बेताने. "प्लेंटी" हा शब्द तोंडातून काढू नये, विशेषतः आपण कोल्हापूरकडचे असू तर. या बेटाच्या दक्षिणेला मोरुगा नावाचं गाव आहे. तिथल्या विंचू मिरचीला २०१२ साली अमेरिकेतल्या मिरची-संशोधकांनी जगातली सगळ्यात तिखट ठरवलं होतं. पुढे तिला मागे टाकणाऱ्या निघाल्या, पण माझ्या जिभेला ही क्रमवारी कळत नाही. तोंड पेटल्यावर पाणी पिऊ नये. तिखटाचा अंश पाण्यात विरघळत नाही, नुसता गावभर पसरतो. दूध किंवा दही घ्यावं. तेही न मिळालं तर १९७१ चा विषय काढावा. याच पोर्ट ऑफ स्पेनला वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं, सरदेसाईंनी ११२ केल्या, आणि त्याच मैदानावर शेवटच्या कसोटीत गावसकरांनी १२४ आणि २२० ठोकल्या. गाडीवरचे काका दोन्ही डावांचं वर्णन ऐकवतात, तोवर जीभ परत येते.

देवदर्शनाला वॉटर्लूचं समुद्रातलं देऊळ चुकवू नये. सेवदास साधू नावाच्या ऊसमजुराने १९४७ साली किनाऱ्यालगत, ऊस कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधलं. कंपनीने ते पाडायला लावलं आणि त्याला १४ दिवस तुरुंगात घातलं. जमीन तुमची असेल, समुद्र तर कुणाचा नाही ना, असा हिशेब करून त्याने सायकलवरून दगड-सिमेंट वाहून समुद्रात भराव टाकायला घेतला, आणि पंचवीसेक वर्षं तेच करत राहिला. आजचं देऊळ १९९५ चं. भरतीची वेळ विचारूनच जावं, ओहोटीला चहूकडे चिखल आणि त्यात पाय टाकणारे बगळे दिसतात. तिथून जवळच कारापिचाइमाला ८५ फुटी हनुमान आहे. सगळे त्याचे फोटो काढतात. मी मात्र आवारातली पाटी बघून चकित झालो: दत्तात्रेयाचं देऊळ! इतक्या लांब आपला माणूस भेटल्याचा आनंद झाला. आईला फोटो पाठवला तर उत्तर आलं, "गुरुवारी जायचं होतंस."

दिवाळीच्या दिवशी जावयाला बांबूला जुंपतात. हिरवा बांबू उभा चिरायचा, पट्ट्या वाकवून कमानी करायच्या आणि त्यांवर मातीचे दिवे बसवायचे. दिवे आदल्या दिवशी पाण्यात भिजवावेत, नाहीतर कोरडी माती निम्मं तेल पिऊन टाकते. बांबू वाळलेला असला तर वाकताना तडकतो, आणि धार उलट्या दिशेने धरली तर बोट. दोनशे दिवे लावून झाले की पाऊस येतो. तो थांबेपर्यंत कोपऱ्यात ताशेवाले चामडं शेकत बसतात. होय, ताशाच. तिथे 'तासा' म्हणतात, बकऱ्याचं कातडं, गळ्यात अडकवायचा, दोन काड्यांनी वाजवायचा. विस्तवाजवळ धरून ताणला नाही तर आवाज भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा येतो आणि जास्त शेकला तर कातडं फाटतं. "आमच्या पुण्यात पण..." असं मी सुरू केलं होतं. त्यांनी काड्या माझ्या हातात दिल्या. यापुढे मी पुण्याचं नाव काढत नाही.

पण हे सगळं परवडलं. छळ आहे तो दालपुरीचा.

दालपुरी म्हणजे मीठ घातलेली पुरणपोळी, असं मी पहिल्याच वर्षी स्वयंपाकघरात जाऊन जाहीर केलं. नानीने ऐकून घेतलं आणि लाटणं पुढे सरकवलं. घरी पुरणपोळीला मी लाटायला बसतो, त्यामुळे घाबरायचं कारण नव्हतं. कारण नंतर कळलं. पुरणात गूळ असतो, तो डाळीला धरून ठेवतो. इथे वाटाण्याची कोरडी भुकटी असते. ती कुणालाच धरत नाही. लाटताना वाळूसारखी एका बाजूला वाहत जाते आणि जिथे पोळी पातळ तिथून बाहेर डोकावते.

तर, साधारण दहा पोळ्यांसाठी: दोन वाट्या फोडलेला पिवळा वाटाणा. हरभरा डाळ नव्हे. हळद घालून वीस-पंचवीस मिनिटं उकडायचा, दाणा अख्खा दिसला पाहिजे पण चिमटीत मोडला पाहिजे. जास्त शिजला की संपलं, वरण करून खा. चाळणीत निथळून फडक्यावर पसरायचा, पूर्ण कोरडा होईपर्यंत. मग लसूण, अर्धी मिरची, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मीठ घालून बारीक दळायचा. एक जरी दाणा सबंध राहिला तरी तो लाटताना खिळ्यासारखा वर येतो. जिऱ्याला तिथे 'गीरा' म्हणतात, 'जिरं' मागितलं तर कोऱ्या चेहऱ्याने बघतात.

पीठ चार वाट्या मैद्याचं, तीन चमचे बेकिंग पावडर, आणि मऊ, इतकं मऊ की परातीत सोडलं तर हळूच पसरलं पाहिजे. घट्ट पीठ भुकटीला कोपऱ्यात ढकलतं. अर्धा तास झाकून ठेवायचं. गोळ्याला तिथे 'लोया' म्हणतात. लोयात पाव वाटी भुकटी भरून तोंड मिटायचं आणि पुन्हा वीस मिनिटं विसरायचं. ही वीस मिनिटं मी पहिल्या वर्षी गाळली. पीठ रागावलेलं असताना लाटलं की आक्रसतं, आक्रसलं की आपण जोर लावतो आणि जोर लावला की फुटतं. तवा मध्यम तापलेला हवा, दोन्ही बाजूंना तेलाचा हात. तवा गार असला तर पोळीचा पापड होतो. उतरवली की लगेच चौघडी घालून फडक्यात गुंडाळायची, नाहीतर कडा सुकतात.

माझी पहिली फुटली. दुसरी फुटली. तिसरी तव्यावर फुटली, भुकटी जळली आणि चौथी पोळी त्या जळक्या भुकटीवर भाजली. नानी काही बोलली नाही. खिडकीबाहेरची एक मावशी मात्र मोठ्याने म्हणाली, "इंडियात हे खात नाहीत वाटतं." आमच्याकडे नाही खात, बिहारकडे डाळ भरलेली पुरी करतात. मळ्यावर डाळ-रोटी वेगवेगळी बांधून नेण्यापेक्षा एकात एक घालून नेणं सोपं पडलं म्हणून ती इथे टिकली असेल, असा माझा आपला अंदाज.

पुढच्या खेपांना थोडं जमायला लागलं आहे. बारा पोळ्यांतल्या आठ शाबूत उतरतात. निघायच्या आदल्या रात्री त्या गार करून, मध्ये मेणकागद घालून, गोठवून बॅगेत भरतात. माणशी २३ किलोच्या हिशेबात कपड्यांचा नंबर शेवटी लागतो. कुचेला, म्हणजे कैरीच्या किसाचं मोहरीच्या तेलातलं लोणचं, हातातल्या पिशवीत ठेवू नये. ते तपासणीत द्रव ठरतं, आणि ते तिथेच टाकून द्यायचं म्हटल्यावर सासूबाईंचे डोळे भरून येतात. ते मोठ्या बॅगेत जावं, दोन पिशव्यांत, झाकणाला टेप लावून. टोरांटोला उतरल्यावर विचारलं तर सगळं खरं सांगावं.

घरी येऊन डबा उघडला की दालपुऱ्यांच्या पिशवीवर नानीच्या अक्षरात मार्करने लिहिलेलं असतं: वरच्या आठ सगळ्यांच्या. खालच्या चार ज्याने लाटल्या त्याच्या.