उन्हाळ्याचा हिशेब राहून गेला

सशाची मादी साधारण ३१ दिवसांत विते, त्यामुळे उष्ण प्रदेशातील लहान शेतकऱ्याला वर्षभर पिल्ले मिळत राहतात, हे ससेपालनाच्या नफ्याचे गणित मांडणाऱ्या लेखातील विधान मला अपुरे वाटते, कारण त्यात उन्हाळ्याचा विचारच केलेला नाही. सशाला घामावाटे शरीर थंड करता येत नाही. तो मुख्यतः कानांतील रक्तवाहिन्यांतून आणि जलद श्वासोच्छ्वासातून उष्णता बाहेर टाकतो, आणि तापमान बरेच दिवस ३० अंश सेल्सिअसच्या वर राहिले की नराच्या वीर्याची प्रत घसरते, ती हवा थंड झाल्यावरही काही आठवडे सुधारत नाही. मी स्वतः ससे पाळले आहेत. कडक उन्हाळ्यात मिलन होऊनही माद्या गाभण राहत नसत आणि खुराक वाढवूनही त्यात फरक पडत नसे.

म्हणून गवताने शाकारलेले उंच छप्पर, खेळती हवा आणि सतत थंड पाणी यांवरचा खर्च नफ्याच्या गणितात धरायलाच हवा होता. व्यायल्यानंतर लगेच मादीला पुन्हा नराकडे सोडण्याचा लेखातील सल्ला तर मला घातक वाटतो, कारण केवळ हिरव्या चाऱ्यावर जगणाऱ्या मादीला पिल्लांचे दूध आणि नवा गर्भ हे दोन्ही एकाच वेळी पेलत नाहीत.