विंडोज + व्ही राहिलं की!
कॉपी-पेस्टला कंट्रोल + सी आणि कंट्रोल + व्ही पुरेसं आहे, हे कीबोर्ड शॉर्टकटवरच्या लेखातलं म्हणणं मला पटलं नाही. एकदा मी दोन परिच्छेद कट केले, फाइल सेव्ह करून बंद केली, मध्येच एक लिंक कॉपी केली, तिने आधी कट केलेल्याची जागा घेतली आणि परिच्छेद गेले! तासाभराचं लिखाण पुन्हा करावं लागलं.

यावर उपाय म्हणून विंडोज १० मध्ये २०१८ पासून विंडोज + व्ही (विंडोजचं चिन्ह असलेलं बटण आणि व्ही एकत्र दाबणं) आहे. पहिल्यांदा दाबल्यावर ते सुरू करायचं, मग कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टींची यादी समोर येते, हवी ती निवडा. त्या यादीत पिन केलेला (कायम ठेवायची खूण केलेला) मजकूर कॉम्प्युटर बंद करून चालू केला तरी राहतो. मात्र कॉपी केलेला पासवर्डही त्या यादीत दिसू शकतो, तेवढा आठवणीने काढून टाका.