जिमखान्यात जेवायला निघालेल्या तरुणास चार सूचना

परवा एका जुन्या जिमखान्याच्या दारातून पायातल्या कोल्हापुरीमुळे माघारी फिरावं लागलं. ही नामुष्की तुमच्यावर येऊ नये, म्हणून हा उद्योग.

सकाळी घरी पूजा असेल तर शिवलेलं धोतर आणा. कमरेला इलॅस्टिक, निऱ्या आधीच शिवलेल्या, कासोटा सुटायची भीती नाही. साधं धोतर नेसायचं तर निऱ्या घट्ट खोचायला शिकावं लागतं, आणि आजोबांना विचारायचं राहूनच गेलं. असो. फोटो टाका.

संध्याकाळी माणूस बदला.

गाडीच्या डिकीत लेसचे काळे बूट, पायमोजे आणि कॉलरचा शर्ट कायम असू द्या. बिनकॉलरचा कुडता अडवतात. टायचं टोक पट्ट्याच्या बकलाला टेकलं पाहिजे. आखूड पडला तर गाठ सोडा, रुंद बाजू चार बोटं आणखी खाली घ्या, पुन्हा बांधा. मे महिन्यात घामाघूम व्हाल, पण आत एसी १८ वर असतो. कोटासाठीच.

कोल्हापुरी मात्र नाही म्हणजे नाही. कमावलेलं चामडं, हाताची शिलाई, २०१९ पासून भौगोलिक मानांकन, तरी ती चप्पलच! जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्रादा या इटालियन फॅशन कंपनीने तसलीच चप्पल चालवली, तेव्हा ‘आमचा वारसा चोरला’ म्हणून सगळे ग्रुप पेटले होते. चोरला? तुम्ही तर तो दाराबाहेर काढून ठेवला होता.

वडील गावाहून धोतर-टोपीत आले असतील तर त्यांना गाडीतच बसवा. काच थोडी खाली ठेवा.

रखवालदारावर ओरडू नका. नियम त्याने केलेला नाही, साहेबाने केला, आणि साहेब १९४७ साली गेला. आता कमिटीच्या फलकावर आडनावं कोणाची आहेत ती वाचा. २०१४ साली चेन्नईत एका क्लबाने वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसलेल्या न्यायमूर्तींना अडवलं, तर तमिळनाडूने त्याच वर्षी कायदा करून असली बंदी मोडीत काढली. आपण काय केलं? बूट घेतले.

पुण्यात ख्रिस्ती लोकांच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून १८९० नंतर टिळक-रानड्यांच्या मागे ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण, लागलं, प्रायश्चित्तापर्यंत गेलं. तुला कोण वाळीत टाकणार आहे? फार तर एक बुफे बुडेल. सभासद तू, वर्गणी तू भरतोस, मग वार्षिक सभेत उठून ठराव मांडायला तोंड उघडत नाही? आणि बाप बाहेर गाडीत! लाज वाटत नाही? त्यांना आत ने, नाहीतर तूही बाहेर जेव.