एक्स-रेत मान पण बघायला सांगा

जबड्याची वाढ आणि मानेचे मणके यांचा संबंध लेखात सांगितलात ते फार बरं केलंत, आमच्या इंदूरला ब्रेसेससाठी मुलांना नेणारे आईबाप दातांपलीकडे काही विचारतच नाहीत. माझ्या भाच्याचा खालचा जबडा पुढे आहे, त्याच्या डोक्याच्या साइड एक्स-रेत, म्हणजे सेफॅलोग्रामवर, डॉक्टरीणबाईंनी मानेचा दुसरा-तिसरा मणका जोडलेला दाखवला. कोपनहेगनच्या सोनेसन आणि क्येर या संशोधकांना जबड्याचा मोठा दोष असलेल्यांमध्ये असे जोडलेले मणके जास्त सापडले होते, गर्भात नोटोकॉर्ड म्हणजे पाठीच्या जागी सुरुवातीला असणारा लवचिक दांडा, त्याच्याभोवती मणके आणि कवटीचा तळ दोन्ही घडतात म्हणून हा संबंध असावा असं ते मांडतात. पण मणका जोडलेला म्हणून जबडा वाढला असं कुणी समजू नका प्लीज, आणि साध्या एक्स-रेत सावली सावलीवर येऊन नुसतं जोडल्यासारखंही दिसतं, खात्री करायला थ्रीडी स्कॅन लागतो. जोडलेल्या मणक्याचं ऐकून ताईला तर रात्रभर झोप नव्हती. आणि एक राहिलंच लेखात, याच एक्स-रेत दुसऱ्या ते चौथ्या मणक्याचा आकार बघून वाढ किती उरलीय याचा अंदाज घेतात, खालची कड सपाट असेल तर वाढीचा जोर अजून यायचाय, तेव्हा डॉक्टरांना हे जरूर विचारा.