अक्कांना विचारल्याशिवाय दोन औषधं नकोत

सोलापूरला फोन लावला की हल्ली एकच वाद कानावर येतो. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत विड्या वळणाऱ्या आमच्या अक्कांचा स्तनाचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरलाय. मागची केमो, ते लाल औषध, होऊन गेलंय. डॉक्टर म्हणतात, आता एकच औषध सुरू करू. मुलगा आणि जावई अडून बसलेत: दोन एकदम द्या, सरकारी योजनेतला पेशंट म्हणून हात आखडता घेऊ नका.

त्यांची तळमळ खरी आहे, पण एक औषध म्हणजे अर्धवट उपचार, हे मला मान्य नाही. मी बर्मिंगहॅममध्ये केमोच्या वॉर्डात नर्स आहे. इथेही बहुतेक बायकांना एक संपलं की दुसरं, असंच देतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, आधी केमो झालेल्या ५११ बायकांपैकी नुसतं डोसिटॅक्सेल हे केमोचं औषध घेतलेल्यांचं मध्यक आयुष्य (निम्म्या जणी त्याहून जास्त जगल्या) ११.५ महिने भरलं, जोडीला कॅपेसिटाबिन हे दुसरं औषध घेतलेल्यांचं १४.५. तीन महिने थोडे नव्हेत. मात्र पहिल्या गटातल्या बऱ्याच जणींना कॅपेसिटाबिन नंतरही मिळालं नव्हतं, म्हणजे एकापाठोपाठ एक दिलं असतं तर काय झालं असतं, हे त्यातून कळत नाही. आणि दोन औषधांच्या गटात त्रासही जास्त झाला. लिव्हर झपाट्यानं बिघडू लागलं तर दोन औषधं लागतात, पण तसं डॉक्टरांना अजून दिसत नाही.

आता अक्कांचे हात बघा. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळून टोक दुमडायचं, दोरा बांधायचा, सगळं बोटांच्या शेंड्यांवर. कॅपेसिटाबिननं तळहात लाल होतात, सोलवटतात, काहींचे ठसेसुद्धा पुसट होतात. डोसिटॅक्सेलनं बोटं बधिर होऊ शकतात. मग विड्या कोण वळणार? रेशनच्या मशीनवर अंगठा कुणाचा उमटणार? या वादात हे कुणी बोललंच नाही.

बोलणार कोण? अक्कांना घरात सांगितलंय, लिव्हरला सूज आहे. मला सगळ्यात जास्त हेच सलतं. उपचार कसे करावेत हे सुचवणाऱ्या इंग्लंडच्या नाइस या संस्थेनं २००९ मध्येच लिहून ठेवलंय की, एकत्रित केमो अशाच बाईला द्यावी जिला जास्तीच्या त्रासाची कल्पना आहे आणि तो सोसण्याची ताकद आहे. सूज आहे असं समजणारी बाई कशाला हो म्हणणार?

इथलं सगळंच चांगलं, असंही नाही. केमो घेऊन एकट्या बसनं घरी जाणाऱ्या बायका मी रोज बघते. अक्कांजवळ सून डबा घेऊन बसलेली असते, शेजारीण पोरं सांभाळते. हे इथे पैसे मोजूनही मिळत नाही. पण इथल्या त्या एकट्या बाईच्या पर्समध्ये एक कार्ड असतं, त्यावर ताप आला की लावायचा, चोवीस तास चालणारा फोन नंबर. केमोत ताप म्हणजे जिवाशी खेळ, पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात.

म्हणून मी मुलाला सांगितलंय: पुढच्या तारखेला अक्कांना केबिनबाहेर बसवू नकोस. त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचार, हातांचं काय होईल, रात्री दोनला ताप चढला तर कुठे न्यायचं. आणि मग अक्का काय म्हणतात ते ऐक.