घरातलं सर्किट बेंच

पोराचं डोकं चालावं असं प्रत्येक आईबापाला वाटतं. ते आपल्यावर चालू नये, एवढीच अट असते. ही अट पाळली जात नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो.

त्यासाठी महागडा लाकडी खेळ आणायची गरज नाही. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीचं जाडजूड पुस्तकही दुसरीतल्या पोरासमोर आदळू नये. त्यातनं ते पर्याय हेरायला शिकतं, विचार करायला नाही.

बारा चिंचोके घ्या. आळीपाळीनं उचलायचे, एका वेळी एक, दोन किंवा तीन. शेवटचा चिंचोका उचलेल तो जिंकला. पहिली पाळी पोराला द्या. त्यानं एक उचलला की तुम्ही तीन, त्यानं दोन की तुम्ही दोन, त्यानं तीन की तुम्ही एक. प्रत्येक फेरीत चार संपतात आणि बाराला चारनं भाग जातो, त्यामुळं तुम्ही हरूच शकत नाही. संसारात अशी खात्री दुसरीकडं कुठं मिळत नाही, म्हणूनच बापमाणूस फुगतो आणि तिसऱ्या-चौथ्या डावाला गुपित फोडून मोकळा होतो. झालं! पोराला युक्ती मिळाली, विचार राहिला बाजूला. 'आता जास्तीत जास्त दोनच उचलायचे' एवढा नियम बदलला की ती युक्ती तिथंच गचकते.

खरी रीत उलटी आहे, शेवटाकडनं यायची. आधी चारच चिंचोके मांडा. पोरानं काहीही केलं तरी ते हरतं, हे त्याला चारदा हरून कळू द्या. मग पाच मांडा. एक उचलून चारचा पेच समोरच्याच्या गळ्यात मारता येतो, हे कळलं की डोळे चमकतात. सहाला दोन, साताला तीन. आठाला पुन्हा घोडं अडतं. कागदावर १ ते १२ आकडे लिहून पहिली पाळी घेणारा जिंकतो त्या आकड्यांसमोर बरोबरची खूण आणि हरतो त्यांसमोर फुली मारायला लावा. ४, ८, १२ समोर फुल्या आल्या की पोरगं आपणहून बोलतं. तोवर आपलं तोंड मिटून ठेवणं, हाच या सगळ्यातला अवघड भाग.

आकडा ओळखायच्या खेळात पोरं 'सत्तावन्न आहे का?' असा नेम धरतात. 'पन्नासपेक्षा मोठा का?' असं निम्मं-निम्मं तोडत गेलं, तर १ ते १०० मधला कुठलाही आकडा सात प्रश्नांत सापडतो. पहिलीतल्या पोराला १ ते १६ द्या, चारांत काम होतं.

'सगळे' आणि 'काही' यांत मात्र भले भले घसरतात. 'सगळ्या कोल्हापुरी चपला चामड्याच्या. मग चामड्याची प्रत्येक चप्पल कोल्हापुरी का?' पोरगं झटक्यात 'हो' म्हणतं. खडूनं फरशीवर मोठं वर्तुळ काढा, त्याच्या पोटात छोटं, आणि शाळेचा चामडी सँडल कुठं ठेवायचा ते त्यालाच विचारा. हुशार पोरगं मात्र आधी तुमचंच वाक्य पाडेल: 'रस्त्यावर रबरी कोल्हापुरी पण मिळतात की!' मुकाट्यानं हार माना. 'सगळ्या' मोडायला एकच रबरी चप्पल पुरते.

साधारण सात वर्षांपर्यंत एक सवलत असते. रुंद वाटीतला पांढरा रस्सा उभ्या पेल्यात ओतला की पोरांना तो जास्त वाटतो. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी हे दाखवून दिलं. आपल्याकडच्या आया ते पंगतीत वापरतात. आठव्या वर्षी ओतून बघा, पोरगं कुत्सित हसतं.

आणि मग सुरू होतो खरा छळ. 'अभ्यास केलास तर मिसळ' असं सांगितलेलं असतं. वही कोरी असते, तरी पोरगं चप्पल घालून दारात हजर.

'पप्पा, नाही केला तर मिळणार नाही, असं तुम्ही कुठं म्हणालात?'

तर्काच्या हिशेबानं ते बरोबर आहे. अट एकाच बाजूनं बांधलेली, दुसऱ्या बाजूची फट त्यानं हेरली. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर भरणारं कोर्ट, कोल्हापुरात १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं. त्यासाठी वकिलांना कित्येक वर्षं लढावं लागलं. घरातल्या बेंचचं कामकाज तिसरीतच सुरू होतं. अपील आज्जीकडं जातं, आणि ती कुठलाही पुरावा न बघता मिसळ मंजूर करते, वर जादा कट घालून.